उतरलेल्या व्होल्टेजचा गोडवा

दादा,

तुझ्या गिटारचा सेट पुढच्या खोलीत उघडाच पडलाय. मागची फळी काढलेली, वायरी बाहेर लोंबतायत, काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळावर ठेवलेत. भेटायला येणारे लोक तुझ्या फोटोला हात जोडतात, वहिनीशी दोन शब्द बोलतात आणि मग त्यांची नजर माझ्या पसाऱ्यावर येते. तुझ्या जिनिंग मिलमधले दोघे आले होते. त्यांतला वयस्कर म्हणाला, "ताई, आता हे आवरून ठेवा." मी म्हटलं, "आवरणार नाही, जोडणार आहे." तो चहा न घेताच उठला. भाऊ गेला नि बहिणीचं डोकं फिरलं, असं त्यानं घरी जाऊन सांगितलं असणार.

डोकं फिरलेलं नाही. रविवारी विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. सुभाष येऊन गेला. गायन पार्टीत इतकी वर्षं तुझ्या उजव्या हाताला पेटी वाजवणारा माणूस, आज तुझ्याच खुर्चीकडे पाठ करून बसला. म्हणाला, "सुनंदाताई, दादाच्या गिटारवर एक गाणं वाजवीन म्हणतो. पण आवाज दादाचाच निघाला पाहिजे. नाहीतर मी आपला पेटीवरच बरा." एवढं बोलून तो गेला. त्याचं काय जातं बोलायला. तो आवाज निघाला की नाही हे सांगणारा कान या घरात एकच होता, आणि त्याला विचारायची सोय आता राहिली नाही. माझ्याकडे मीटर आहे. गोडवा मीटरवर दिसत नाही.

आणि आपलं भांडण तर अर्धवटच राहिलं. तुझं म्हणणं, तो गोडवा सेटला झिजवून मारल्याशिवाय निघत नाही. माझं म्हणणं, निघतो. तू जिंकलास की मी, हे रविवारच्या आत ठरायचंय, आणि ते मला एकटीला ठरवावं लागतंय. याचा मला तुझ्यावर राग आहे, दादा. रडू येतं ते वेगळं, पण रागही आहे, तो लपवून कशाला ठेवू?

सेट आणलास तो दिवस तुला आठवत असेलच. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक इंजिन ड्रायव्हर मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि घरातलं सामान काढत होता. तू गेलास कपाट बघायला. आणलंस काय, तर गोधडीत गुंडाळलेली, एकट्या माणसाला न उचलवणारी काळी पेटी. विलायती बनावटीचा, व्हॉल्व्हचा, खास गिटारसाठी बनवलेला अँप्लिफायर. पॅसेंजरच्या दारात त्यावरच बसून आलास. वहिनी दारात उभी होती, कपाटाची वाट बघत. तिनं त्या पेटीकडे बघितलं आणि आत जाऊन भांडी घासायला घेतली. त्या दिवसापासून आजपर्यंत या सेटबद्दल तिच्या तोंडून मी चांगला शब्द ऐकलेला नाही.

मी तेव्हा आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला होते. वर्गात मुलगी मी एकटीच. पोरीच्या जातीनं करंटमध्ये हात घालायचा का, म्हणून आत्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. तू जेवता जेवता शांतपणे म्हणालास, "शिवणयंत्राची सुई पण बोटात जाते, आत्या. मग तिला शिवणक्लासला तरी कसं घालायचं?" माझ्या फॉर्मवर सही तू केलीस. पुढं याच खोलीत मला दुरुस्तीचं दुकान मांडून दिलंस, बाहेर पाटीही तूच रंगवलीस. हे उपकार तू कधी बोलून दाखवले नाहीस, आणि मी कधी मानले नाहीत. आपल्या घरात आभार मानायची पद्धतच नव्हती, भांडायची होती.

सेटचा आवाज मोठा होता, स्वच्छ होता, आणि तुला आवडत नव्हता. "बोचतंय," म्हणायचास. जयंतीच्या कार्यक्रमांत, लग्नाच्या हळदीत, जळगावात कुठंही वाजव, वरचे सूर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे निघायचे. मग आपला तो प्रकार सुरू झाला. मी सेट उघडायचे, एखादा कंडेन्सर बदलायचे, तू माझ्याकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायचास आणि जाड तार छेडायचास. डोळ्यांनी बघितलं की कान खोटं बोलतात, असं तुझं मत. जमलं असेल तर तू "बास" म्हणणार, असं ठरलेलं. "बास" कधी आलंच नाही. मी कंडेन्सर बदलले, स्पीकर बदलला, स्पीकरपुढं कापड लावलं. तू म्हणालास, "आता घोंगडी पांघरल्यासारखा झाला. बोचणं गेलं, पण जीव पण गेला." मी पकड आपटून माझ्या घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात उभा. हातात पकड, आणि चेहऱ्यावर जणू काही झालंच नाही.

मग चोपड्याकडचा तो कार्यक्रम. केळीचा मुलूख, सातपुडा समोर दिसणारं गाव. आपण दिवस असतानाच पोचलो आणि विहाराच्या ओट्यावर सामान लावलं. दुपारी तपासला तेव्हा सेट नेहमीसारखाच बोचरा होता. ऊन कललं, गावातले दिवे लागले, तू सहज तार छेडलीस आणि थांबलास. परत छेडलीस. सूर जाड आला, मऊ आला, आणि शेवटाला जरा फाटला, रडून उठलेल्या माणसाच्या आवाजासारखा. तू माझ्याकडे वळलास. "सुनंदा, तू काही केलंस?"

"मी तर चहा पितेय."

"खरं सांग."

"आईशप्पथ, हात लावला नाही."

तू पाठ करून बसलास, भिंत नव्हती तर चिंचेच्या झाडाकडे तोंड करून, आणि तार छेडत राहिलास. मग "बास" म्हणालास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मी केलेलं काहीच नव्हतं.

मी मीटर काढलं. बोर्डात दोनशेतीस व्होल्टच्या जागी दीडशेच्या थोडंच वर. शेजारी एक केळीवाले नाना बसले होते, ते हसायला लागले. "अक्का, काय मोजस? आमनाकडे संध्याकाळ झाली का बठ्ठा पंप सुरू व्हतस. बल्ब देख कसा मिणमिण करी ऱ्हायना. हाई रोजनंच शे."

शेतातले सगळे पंप एकदम चालले की गावाचं व्होल्टेज उतरतं, तर अशी गंमत. मी आयटीआयचं शिकलेलं सगळं ओतून जे करू शकले नाही ते केळीच्या पंपांनी केलं. परतीच्या जीपमध्ये तू मधेच एकटाच हसत होतास. मीही हसले असते, पण मला त्यातलं पुढचं कळत होतं.

पुढचं ते असं. व्हॉल्व्हला दोन तऱ्हेचा खुराक लागतो, एक ऊब आणि एक जोर. आतली तार तापून लाल राहते ती ऊब, आणि बाकीचा मोठा करंट तो जोर. जोर कमी झाला तर आवाज नुसता मऊ होतो. पण ऊब कमी पडली आणि काम मात्र घेत राहिलं, तर व्हॉल्व्ह आतून झिजत जातो. अर्धपोटी बैलाला नांगराला जुंपल्यासारखं. आणि बाहेरून कळत नाही. आवाज उलट गोडच येत राहतो. गावच्या बोर्डात दोन्ही एकदमच उतरत होते.

मी हे तुला नीट समजावून सांगितलं. तू नीट ऐकलंस. आणि पुढच्या आठवड्यात बाजारातून टीव्हीचा बूस्टर घेऊन आलास. सगळं जळगाव व्होल्टेज चढवायला बूस्टर घेतं. तू उतरवायला घेतलास. दुकानदारानं म्हणे दोनदा विचारलं, भाऊ, उलटं तर नाही ना सांगत? त्या दिवसापासून तू शहरातही खटका खाली खाली आणून वाजवायला लागलास, आणि लोक विचारायला लागले, गिटार नवीन घेतली का?

लोकांना काय. व्हॉल्व्ह मलाच आणावे लागत होते. ट्रान्झिस्टर आले तसे रेडिओवाल्यांनी ते ठेवणं सोडून दिलं. एक जोडी धुळ्याच्या जुन्या मेकॅनिककडून मिळाली, एक मुंबईहून मागवली, ती आली तीच वापरलेली. तुझ्या हातात जोडी वर्षभरसुद्धा टिकेना. मी ओरडायचे. तू म्हणायचास, "मग काय करू? बरणीत घालून मीठ लावू?" मी म्हणायचे, "संपल्यावर काय वाजवशील?" तू म्हणायचास, "संपेपर्यंत तर वाजवीन." ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तुझ्यासाठीच कुणी तरी लिहून ठेवलेलं. शेवटी सध्याची ही जोडी उरली. या दोघांनंतर कुणी नाही, हे तुला माहीत होतं आणि मलाही.

आता धुळ्याजवळच्या त्या गावाबद्दल. आपण त्यावर नंतर एकदाही सरळ बोललो नाही, म्हणून इथं बोलते.

जयंतीचा कार्यक्रम होता. मैदान भरलेलं, दिवे नुकतेच लागलेले, शेतावरचे पंप चालू. व्होल्टेज आपोआपच खाली होतं, तुला बूस्टरची गरजच नव्हती. तो नुसता मधे जोडलेला होता. तू सुरू केलंस आणि दुसऱ्याच ओळीला आवाज बोचरा झाला. मी स्टेजच्या कडेला होते. बघते तर तिथले एक आबा, कार्यक्रमाचे पुढारी, वाकून बूस्टरचा खटका वर वर फिरवतायत. काटा खाली दिसला, दिवे मिणमिणते दिसले, पाहुण्यांच्या सेटला करंट पुरत नाही अशी त्यांची समजूत. मी धावले. "आबा, काय करताय?"

"अवो ताई, काटा खाले ऊना व्हता ना. घरना टीव्हीले आम्ही असंच करतस."

चूक म्हणावी तर या मुलखात कुणीही हेच केलं असतं. मी खटका खाली आणायला हात घातला आणि त्याच क्षणाला नुसती शेतीची लाइन गेली, गावाची राहिली. सगळ्या शिवारातले पंप एकदम थांबले. मैदानातले दिवे लखकन पेटले, पोरं ओरडली. बूस्टर वर चढवलेला आणि वर मूळची लाइन उसळलेली. मी सेटच्या मागच्या जाळीतून आत पाहिलं. एका व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा लाल व्हायला लागला होता. तार लाल असते ते ठीक. पत्रा लाल झाला की तो मरायला टेकला. आणि तो गेला की मोठा ट्रान्सफॉर्मरही सोबत घेऊन जातो, मग सेट नुसती पेटी.

खटका दोन घरं खाली येऊन अडकला. मी तुला खूण केली, थांबव. तू पाहिलंस. तू आत वाकून तो लाल रंगही पाहिलास, हे मी पक्कं सांगते. आणि तू मान हलवलीस. नाही. शेवटचं कडवं बाकी होतं, आणि माझ्याकडे न बघता तू ते उचललंस. सुभाष तुझ्याकडे, मग माझ्याकडे बघत होता आणि त्याची बोटं पेटीवर चालू होती. आवाज असा निघत होता की मी तो तुझ्याकडून आधी कधी ऐकला नव्हता. जाळीच्या आतला लाल पसरत होता.

मी पिन उपसली.

मैदानात एकदम शांतता, मग शिट्ट्या, मग हसू. तू तार छेडलीस, नुसत्या लाकडाचा आवाज आला. तू हळूच गिटार खाली ठेवलीस आणि लोकांना जयभीम करून उतरलास. मला म्हणालास, "एक कडवं होतं, सुनंदा. एवढं निभावलं असतं त्यानं."

"आणि नसतं निभावलं तर?"

"तर शेवटचं तेच वाजलं असतं."

मी पिन उपसली ते बरोबर होतं. तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. व्हॉल्व्ह वाचले, ट्रान्सफॉर्मर वाचला. पण ते कडवं मात्र राहिलं, हे पण खरं, आणि या दोन खऱ्यांचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

मग आपला अबोला. एकाच घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान, मागं तुझा संसार, आणि मधे वहिनी, टपालासारखी. "ताई, ते विचारतायत, त्यांचा पाना कुठंय." "वहिनी, सांग, ड्रॉवरमध्ये." तू सेट माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवलास आणि वहिनीकरवी निरोप धाडलास, जपायचाय ना, जपत बस. पार्टीत तू साधा ढोलकीवाल्यांचा माइक गिटारपुढं लावून वाजवायला लागलास. मी सेटवरची धूळ पुसायचे. तुला ते दिसायचं. दोघं एकाच कपातून चहा प्यालेली भावंडं एकमेकांना चोरून बघत राहायचो. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

त्याच अबोल्यात मला सुचलं. ऊब आणि जोर एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येतात, म्हणून एकदम उतरतात. ऊब वेगळ्या, लहान ट्रान्सफॉर्मरवर काढली आणि तो सरळ पूर्ण लाइनीवर ठेवला तर? मग बूस्टर फक्त जुन्या ट्रान्सफॉर्मरला, फक्त जोर उतरवायला. व्हॉल्व्हचं पोट भरलेलं, आवाज मऊ. मी धुळ्याला जाऊन माप देऊन तसा ट्रान्सफॉर्मर बांधून आणला. आणला आणि तुझ्यासमोर टेबलावर ठेवला. तू तो उचलून पाहिलास, वजन पाहिलंस. आणि मधे वहिनी नसताना, तू मला थेट विचारलंस, "हे काय?"

मी सांगितलं. तुझा तो हट्टी चेहरा झाला. "नाही जमणार. मला वाटतं, तो गोडवा जोर कमी पडल्यानं येतच नाही. ऊब कमी पडते ना, त्यानं येतो. झिजतो म्हणूनच गोड वाजतो तो."

"कशावरून?"

"ऐकलंय मी."

"मी मोजीन."

"मोज. जमलं तर मी हरलो, सगळ्या पार्टीसमोर सांगीन, बहिणीनं हरवलं. पण आधी ऐकणार मी. 'बास' मी म्हणणार."

"म्हण की. तूच म्हणायचं."

त्या दिवशी तू वहिनीला मोठ्यानं चहा सांगितलास, दोघांना. इतक्या महिन्यांनी घरात जरा आवाज झाला. मी सेट उघडला. तू आत बोट घालायला गेलास आणि मी हातावर चापट मारली. बंद सेटच्या कंडेन्सरमध्येही करंट बसलेला असतो, हे तुला वर्षानुवर्षं सांगूनही तुझं बोट पुढंच. तू हात चोळत हसलास. तेव्हाच तुला हसताना मी शेवटचं पाहिलं, असं वाक्य मला लिहायचं नाही. पण आहे ते तसंच आहे.

त्यानंतर तू गेलास, त्या दुपारबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. नंतर कुणी तरी मला धीर द्यायला म्हणालं, दादा त्यांच्या सेटसारखेच, पूर्ण तेजात जळून गेले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही चहा घ्या. व्हॉल्व्ह गेला तर दुसरा शोधता येतो, मुंबईला, मद्रासला, कुठं तरी. माणसाला सेटची उपमा देणाऱ्यांनी कधी सेट दुरुस्त केलेला नसतो.

इथवर आधी लिहून ठेवलं होतं. आज शनिवार. दुपारी जेवणं झाल्यावर मी कामाला बसले. कंडेन्सर आधी रिकामे केले. लहान ट्रान्सफॉर्मर बसवला, जुन्या वायरी सोडवल्या, नव्या जोडल्या, प्रत्येक जोड ओढून पाहिला. फडताळावरून ते दोघे व्हॉल्व्ह उतरवले, पुसले आणि जागेवर बसवले. मग सिरीजचा दिवा लावला. दुकानातला नेहमीचा उपाय, आपला. नवीन जोडलेला सेट आधी साध्या दिव्याच्या आधारानं सुरू करायचा. आत काही चुकलं असेल तर दिवा भगभगत राहतो आणि सेट वाचतो. दिवा भगकन पेटला. हळूहळू मंद झाला आणि मंदच राहिला. व्हॉल्व्हच्या आत तारा लाल झाल्या, पत्रे करडेच राहिले. मीटरनं ऊब मोजली, पुरेपूर. तिथवर माझं काम होतं, आणि ते बिनचूक झालं होतं.

पुढचं काम तुझं होतं.

मी आत जाऊन वहिनीला म्हटलं, "बाहेर येऊन बसतेस का जरा? आवाज ऐकायचाय."

ती उद्यासाठी तांदूळ निवडत होती. "मला काय कळतं त्यातलं, ताई. तुम्हीच बघा." मान वर केली नाही. मी पण आग्रह केला नाही, तिला या दिवसांत कशाचा आग्रह करवत नाही.

तुझी गिटार खुंटीवरून काढली. मला वाजवता येत नाही, हे सगळ्या खान्देशाला माहीत आहे. पण तारा तू लावलेल्या होत्या, खुंट्यांना मी बोट लावलं नाही. जाड तार नुसती छेडायची एवढं तर येतं. कॅलेंडरकडे तोंड करून बसले, तुझ्यासारखी. छेडली. बोचलं. बूस्टरचा खटका एक घर खाली. छेडली. तसंच, जरा बोथट. आणखी एक घर. मला फरक कळतोय का, का कळावा असं वाटतंय म्हणून कळतोय, हेच कळेना. चोपड्याचा तो सूर आठवू लागले आणि तो आठवणीत हातात येईना. दादा, वाटलं, तुझं खरं निघालं. गोडवा झिजण्यातच होता, मी ऊब देऊन तो घालवला, उद्या सुभाष पेटीवरच बसणार आणि लोकांना वाटणार, बहिणीनं सेटची वाट लावली.

आणखी एक घर खाली. छेडली. सूर जाड आला आणि लांबत गेला. शेवटाला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. परत छेडली. परत. मी कॅलेंडरकडेच बघत होते. आत तांदळाचा आवाज थांबला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

वहिनी दारात उभी होती. सूप तसंच हातात धरलेलं.

"ताई, बंद करा ते."

मी तारेवर हात ठेवला. "का गं? बोचतंय?"

तिनं मान हलवली. सेटकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाली, "नाही बोचत. म्हणूनच बंद करा."

ती आत गेली. मी उद्यासाठी बूस्टरच्या खटक्याशी पेन्सिलीनं एक रेघ ओढली, आणि मग सेट बंद केला.